घराखालची जमीन हलते तेव्हा

खडकीत पाया खणताना बऱ्याच ठिकाणी थोड्याच खोलीवर मुरूम लागतो, नाहीतर कातळ. पहार वाजली की गवंडी निश्चिंत. परभणीकडे माझ्या बहिणीच्या घराखाली मात्र काळी माती आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर चढलेली. उन्हाळ्यात तिच्यात बोट जातं. पावसाळ्यात ती मिटते आणि दार चौकटीत अडकतं. ताई म्हणते, काम कच्चं झालं. मला मात्र गवंड्याला दोष द्यावासा वाटत नाही. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं. उथळ पाया तिच्याबरोबर वरखाली होतो.

उत्तर ध्रुवाकडच्या गावांचं दुखणं याच जातीचं, पण जास्त क्रूर. तिथली वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, पर्माफ्रॉस्ट, आता वितळते आहे. आतला बर्फ गेला की जमीन खचते, घरं कलतात. अलास्कातल्या न्यूटॉकची कुटुंबं 2019 पासून मेर्टार्विकला हलू लागली. सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये इमारती खांबांवर उचलतात. खालून थंड वारा खेळतो, घराची ऊब जमिनीला लागत नाही.

आपल्याकडे रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल रूढ केले: साधारण साडेतीन मीटर खोल खांब, बुडाशी अडीचपट रुंद फुगवटा. तिथवर ऋतूंचा ओलावा फारसा पोचत नाही.

बांधून झालेल्या घराला हे कुठून आणणार? ताईला एवढंच सांगितलं: मोरी जोत्यापासून लांब ने, पागोळ्यांचं पाणी भिंतीशी मुरू देऊ नकोस.