रिक्षाच्या धुरातलं पाणी

अंधेरी स्टेशनबाहेरच्या एखाद्या रिक्षाने दिवसभरात चार किलो सीएनजी जाळला, तर सायलेन्सरमधून पाणी किती बाहेर पडेल? नऊ किलो! चाराचे नऊ कसे, तर मिथेनचा एक रेणू ऑक्सिजनचे दोन रेणू घेतो आणि कार्बन डायऑक्साइडचा एक नि पाण्याचे दोन देतो. वजनात मांडलं तर १६ आणि ६४ आत, ४४ आणि ३६ बाहेर. म्हणजे चार किलो गॅसने रस्त्यावरच्या हवेतून १६ किलो ऑक्सिजन फुकटात उचलला आणि ११ किलो कार्बन डायऑक्साइड, नऊ किलो वाफ बाहेर सोडली. वीस आत, वीस बाहेर. (सीएनजी शंभर टक्के मिथेन नसतो, पण बहुतांश तोच.)

बोरिवली असो की मुलुंड, समीकरण संतुलित करायला शिकवताना क्लासमधला दम एकच: पुढचा आकडा बदला, खालच्याला हात लावू नका. ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून एच-टू-ओच्या शेपटीला आणखी एक दोन चिकटवला, की हिशेब जुळतो खरा, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. ते पार्लरमध्ये केस ब्लीच करायला ठीक. तहान भागवायला नाही.

रविवारच्या मेगाब्लॉकला शिव्या घालताना एक लक्षात असू द्या. रूळ जोडायची रेल्वेची एक जुनी रीत म्हणजे ‘एटी वेल्डिंग’. जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिटने १८९५मध्ये तिचं पेटंट घेतलं. लोखंडाचा ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पूड पेटवायची. ॲल्युमिनियम लोखंडाकडून ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. लोखंड १५३८ अंशांनाच वितळतं, त्यामुळे त्याचा रस होऊन रुळांच्या फटीत उतरतो. हिशेब असा: ८ किलो ऑक्साइड, २.७ किलो ॲल्युमिनियम, हाती ५.६ किलो लोखंड आणि ५.१ किलो ॲल्युमिना. हा ॲल्युमिना हलका, म्हणून मळी होऊन वर तरंगतो आणि ठोकून काढून टाकतात. गंमत म्हणजे अंगठीतलं माणिक हाही ॲल्युमिनाच, वर क्रोमियमची चिमूट.

चेंबूरच्या आरसीएफ या खत कारखान्याचा युरियाही याच हिशेबाने बनतो. ४५ किलोच्या एका गोणीसाठी २५.५ किलो अमोनिया आणि ३३ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो, १३.५ किलो पाणी वेगळं निघतं. रिक्षावाल्याने दिवसभरात सोडलेला ११ किलो धरून ठेवता आला असता, तर तिसऱ्या दिवशी एक गोणी सुटली असती!

पानवाल्याचा चुनाही असाच जमतो: ५६ ग्रॅम कळीच्या चुन्यावर १८ ग्रॅम पाणी, की ७४ ग्रॅम विरलेला चुना.

हिशेब चुकला की मात्र गंमत संपते. मोकळ्या हवेत ऑक्सिजन हवा तेवढा, त्यामुळे आधी गॅस संपतो. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरला ऑक्सिजनच तोकडा पडतो. मिथेनच्या एका रेणूला दोनऐवजी दीडच मिळाला, की कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्याला ना वास ना रंग, आणि तो जीव घेतो. परीक्षेत ‘लिमिटिंग रीएजंट’वर तीन गुणांचा प्रश्न येतो, तो हाच.

आता मोल. १८ ग्रॅम पाणी, म्हणजे चारेक चमचे, हा एक मोल, त्यात ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके रेणू. रिक्षाने सोडलेलं पाणी असे ५०० मोल भरतं. या आकड्यापायी अमेरिकेतले रसायनप्रेमी २३ ऑक्टोबरला, सकाळी ६.०२ ते संध्याकाळी ६.०२, ‘मोल डे’ साजरा करतात. आपल्याकडे ६.०२ म्हटलं की आधी लोकलच आठवते. पण जगभरातले या विषयातले हुशार विद्यार्थी २००१मध्ये मुंबईतच जमले होते, ३३व्या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाडसाठी. भारतीय संघाची तयारी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होते.

घरातल्या दहावीवाल्यासाठी एक गृहपाठ: १४.२ किलोचा लाल सिलिंडर सगळा ब्युटेनचा मानून ज्वलनाचं समीकरण संतुलित कर. पहिल्या फटक्यात ऑक्सिजन साडेसहा येतो. घाबरायचं नाही, सगळं दुप्पट करायचं. आकडे येतात २, १३, ८, १०, आणि पाणी सुमारे २२ लिटर.