तीव्र यकृत-निष्क्रियता आणि रक्तद्रव विनिमय : पुरावा व ग्रामीण संदर्भ

यकृत एकाएकी निकामी झाल्यास विषारी द्रव्ये रक्तात साचतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते व मेंदूला सूज येऊन रुग्ण बेशुद्ध होतो. प्रत्यारोपण हा त्यावरील प्रस्थापित उपाय होय. परंतु शहापूर तालुक्यातील उंबरमाळीसारख्या गावातील कुटुंबास तो खर्च, अंतर व दात्याचा अभाव यांमुळे दुर्लभच ठरतो. म्हणूनच रक्तद्रव विनिमय, अर्थात प्लाझ्मा एक्स्चेंज, या उपचाराचा विचार अगत्याचा आहे.

यात यंत्राद्वारे रुग्णाचे रक्तद्रव काढून त्याजागी दात्यांचे रक्तद्रव दिले जाते. त्यामुळे यकृतास सावरण्यास अवधी मिळतो. डेन्मार्क, ब्रिटन व फिनलंड येथील १८२ रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. विनिमय केलेल्या गटातील ५८.७ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातील ४७.८ टक्के रुग्ण रुग्णालयातून जिवंत घरी परतले. हा लाभ मुख्यत्वे प्रत्यारोपण न झालेल्या रुग्णांत आढळला, ही बाब आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे.

तथापि, त्या चाचणीतील अनेक रुग्णांचे यकृत पॅरासिटामॉलच्या अतिसेवनाने निकामी झाले होते. भारतात उंदीर मारण्याच्या औषधातील पिवळा फॉस्फरस हेही एक प्रमुख कारण आहे. त्यावर उतारा नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने अशा रुग्णांवर कमी मात्रेचा विनिमय केला. निष्कर्ष आशादायक असले तरी तो अभ्यास निरीक्षणात्मक आहे. येथील रुग्णांवर यादृच्छिक चाचणी होणे म्हणूनच आवश्यक ठरते.

या विषबाधेत सुरुवातीच्या उलट्या थांबून रुग्ण बरा वाटू लागतो व काही दिवसांनी कावीळ उमटते. या फसव्या शांततेतच त्यास मोठ्या रुग्णालयात हलविले, तरच कोणत्याही उपचारास अर्थ उरतो.