‘गाडी उंच करणे’ : एका क्रियापदातील तीन मापे

नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्रा कंपनीची ‘थार’ ही गाडी २ ऑक्टोबर २०२० रोजी नव्या स्वरूपात विक्रीस आली. सह्याद्रीतील खडकाळ वाटांवर अशी गाडी नेणाऱ्यांपैकी पुष्कळांना तिचा पुढचा भाग उंच करून घ्यावासा वाटतो. ‘उंच करणे’ हा प्रयोग वरवर पाहता निःसंदिग्ध आहे. वस्तुतः त्यात तीन भिन्न मापे एकवटली आहेत : सांगाड्याची जमिनीपासूनची उंची, गाडीखालील सर्वांत खालच्या बिंदूची उंची, आणि चाकाला वरखाली होण्यास मिळणारी मोकळीक. पहिले माप वाढले की उरलेली दोन्ही वाढतात, ही समजूतच बहुतेक चुकांचे मूळ होय.

महिंद्राच्या जीपवंशात स्प्रिंगचे तीन प्रकार आढळतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळविल्या जाऊ लागलेल्या विलीस जीपला पुढेमागे पोलादी पाटे होते. २०१० च्या थारच्या एका आवृत्तीत पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा दांडा, होता. २०२० च्या थारला पुढे विशबोनच्या दोन भुजा व वेटोळ्यांची स्प्रिंग आहे. धनुष्य, दारावरची महिरप आणि घड्याळातील स्प्रिंग अशा तिन्ही अर्थांनी मराठीत वावरणारा ‘कमान’ हा फारसी शब्द पाट्यास तंतोतंत शोभतो. इतर दोहोंचा आकार धनुष्याचा नसला तरी तत्त्व एकच : वाकविलेल्या अथवा पिळलेल्या पोलादाची मूळ आकाराकडे परतण्याची ओढ.

टॉर्शन बारच्या टोकाचा बोल्ट आवळला की सांगाडा वर उचलला जातो. तेव्हा स्प्रिंग ‘कडक’ झाली असे म्हटले जाते; परंतु ते यथार्थ नव्हे. दांड्याचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चतुर्थ घातावर, लांबीवर आणि धातूवर अवलंबून असतो. बोल्टने यांपैकी काहीच बदलत नाही. बदलते ती केवळ आरंभीची स्थिती. भुजा आपल्या खालच्या मर्यादेजवळ आलेली असल्यामुळे चाकाला खाली जाण्यास वाव उरत नाही. खड्डा आला की चाक अधांतरी राहते आणि धक्का जाणवतो. म्हणजे पहिले माप वाढत असता तिसऱ्याचा खालचा भाग घटतो.

वेटोळ्यांच्या स्प्रिंगवर चकती बसविण्याच्या पद्धतीतही मापांची गल्लत होते. स्प्रिंगचा आधार भुजेच्या मध्यावर असेल, तर २५ मिलिमीटर जाडीच्या चकतीने गाडी सुमारे ५० मिलिमीटर उचलली जाते. चकतीची जाडी म्हणजे गाडीची वाढलेली उंची नव्हे.

आता दुसरे माप. नव्या थारचा पुढचा डिफरन्शियल सांगाड्यास जोडलेला असल्याने सांगाड्याबरोबर तोही वर जातो. मागचा मात्र अखंड आसातच आहे. त्याची जमिनीपासूनची उंची टायरच्या त्रिज्येवर ठरते. स्प्रिंग कितीही उंच केली तरी ती वाढत नाही. टायरचा व्यास ५० मिलिमीटरने वाढविल्यास ती २५ मिलिमीटरने वाढते. पुढील भाग उंच करण्याचा खरा लाभ वेगळाच आहे : समोरचा चढ अथवा खडक बंपरला न लागता चाकाखाली येतो.

या लाभाची किंमतही मोजावी लागते. चाकांना फिरविणाऱ्या दांड्यांचे सांधे अधिक कोनात चालतात व लवकर झिजतात. चाकांचे कोन बदलल्याने ते पुन्हा जुळवावे लागतात. गुरुत्वमध्यही वर सरकतो. उदाहरणादाखल, दोन चाकांतील अंतर १५०० आणि गुरुत्वमध्याची उंची ७०० मिलिमीटर धरली, तर निम्म्या अंतरास उंचीने भागून १.०७ हे गुणोत्तर येते; उंची ७५० झाली की ते १.०० वर उतरते. हे गुणोत्तर जितके लहान, तितकी वळणावर गाडी उलटण्याची भीती मोठी. डोंगरवाटेवर उपयोगी पडलेली उंची कसारा घाटाच्या वळणावर अशी अंगावर येऊ शकते.

कायद्यानेही हा विषय केवळ हौसेवर सोडलेला नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांविषयी आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला.

तात्पर्य, ‘किती उंच?’ या प्रश्नाआधी ‘काय उंच?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. व्यवहारातील एक शब्द जेथे तीन राशी झाकतो, तेथे त्या वेगळ्या करणे हे शब्दलालित्याचे काम नसून सुरक्षिततेचे आहे.