पडलेल्या उमेदवारालाही हिशेब चुकत नाही

‘अनामतच जप्त झाली, आता कसला हिशेब द्यायचा?’ नाशिक जिल्ह्यातल्या नांदगावसारख्या मतदारसंघात निकालानंतर एखादा अपक्ष असं म्हणून घरी बसला, तर सगळ्यात महागात पडणारी चूक तो तिथेच करतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ७८ प्रमाणे निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे नाशिकला, द्यावाच लागतो. जिंकलेल्यानं आणि पडलेल्यानंही. योग्य कारणाशिवाय दिला नाही, तर कलम १०-अ खाली ३ वर्षं अपात्रता. ग्रामपंचायतीला नियम आणखी कडक. तिथं हिशेब चुकवला तर ५ वर्षं बाहेर बसावं लागू शकतं.

दुसरा समज फुकटच्या मदतीचा. मित्रानं जीप दिली, भाच्यानं मंडप घातला, पैसे कुणी घेतले नाहीत, मग खर्च कसला? पण त्या जीपचं भाडं आणि मंडपाची किंमत जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे उमेदवाराच्या नावावर चढते. अर्ज भरण्याआधी छापलेली पत्रकं नंतर वाटली, तर तीही चढतात. विधानसभेला मर्यादा २०२२ पासून ४० लाखांची. साध्या उमेदवाराला ती क्वचितच नडते. त्याला नडतात न ठेवलेल्या पावत्या.

निवडणूक आयोगाची खर्चवही एकदा हातात घेऊन पाहावी. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. प्रत्येक पावतीला अनुक्रमांक. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं खातं उघडायचं, आणि एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत १० हजारांपेक्षा जास्त रोख द्यायची नाही. प्रचारकाळात ही वही किमान तीनदा तपासायला न्यावी लागते. प्रचार सोडून हे कोण करणार, हा प्रश्न खरा आहे. म्हणून खर्च प्रतिनिधी नेमायची मुभा आहे, आणि लहान उमेदवारानं तरी ती सोडू नये. घरातली हिशेबाची सवय असलेली एखादी वहिनीसुद्धा हे काम चोख करील.

‘कागद भरून दिला की सुटलो’ हाही भ्रमच. २००९ च्या भोकर विधानसभा निवडणुकीतल्या, हिशेबात न दाखवलेल्या कथित पेड न्यूजवरून तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाणांविरुद्ध त्यांचे प्रतिस्पर्धी उमेदवार माधव किन्हाळकरांनी तक्रार केली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दिलेला हिशेब खरा आहे का, हेही आयोग तपासू शकतो. जुलैत आयोगाचा निर्णय चव्हाणांविरुद्ध गेला, सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो रद्द केला. पण तपासण्याचा आयोगाचा अधिकार राहिलाच.

आणि हिशेबाबद्दल आयोगाची नोटीस आली म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. उत्तराला २० दिवस मिळतात. त्या मुदतीत कारण लेखी द्यावं, राहिलेला हिशेब सोबत जोडावा आणि पोच घेऊन ठेवावी.