यंत्रात सापडलेला हात आणि भरपाईचे कोष्टक

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा डाव्या कालव्याच्या भिजपट्ट्यातील गाव असून सोमेश्वर व माळेगाव हे सहकारी साखर कारखाने त्याच परिसरातील होत. उसाच्या अशा मुलखात हात आणि यंत्र यांची गाठ केवळ कारखान्यातच पडते असे नाही. गुऱ्हाळातील चरक, गोठ्यातील कडबाकुट्टी आणि साखर कारखान्याची गव्हाण ही परस्परांहून पुष्कळ भिन्न. तरीही फिरते भाग जेथे एकमेकांकडे येतात ती जागा सर्वत्र सारखीच घातक असते. चरकाच्या लाटा उसाला आत ओढतात. त्याच ओढीने बाही व बोटेही आत जातात. हात मागे घेण्याची मनुष्याची सहजक्रिया त्या गतीपुढे उणी पडते. म्हणूनच कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने यंत्राच्या घातक भागांना आडोसा घालण्याचा भार मालकावर टाकला होता. सावधगिरीचा उपदेश त्याला पुरेसा वाटला नव्हता.

अपघातानंतरच्या हक्कांचा पाया कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ ने घातला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आला असला तरी मूळ तत्त्वे मुख्यतः तीच आहेत. इजा कामामुळे व कामाच्या ओघात झाली, एवढे सिद्ध झाले की भरपाई देय ठरते. मालकाचा दोष दाखवावा लागत नाही आणि कामगाराचा साधा निष्काळजीपणा आड येत नाही. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या साधनांनी शेतीकाम करणारा मजूरही १९२३ च्या अधिनियमाच्या कक्षेत होता, ही गोष्ट खेड्यात फारशी कोणाच्या ध्यानी नसते.

भरपाईची मोजदाद मात्र विलक्षण आहे. त्या अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टाने अर्जनक्षमतेतील घट अवयवागणिक ठरवून दिली: संपूर्ण हात गेल्यास ६० टक्के, अंगठा ३०, तर्जनी १४, मध्यमा १२, अनामिका वा करंगळी ७. हाड न जाता तर्जनीचे केवळ टोक तुटले तर ५. कायम व पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. वेतन १५,००० रुपये व वय ३० असल्यास गुणक २०७.९८, पूर्ण भरपाई १८,७१,८२० रुपये होते. तर्जनीच्या वाट्याला त्यातून सुमारे २,६२,००० रुपये येतात.

हे कोष्टक तुटलेल्या बोटाची गणना करते. चेंगरलेल्या हाताविषयी ते जवळजवळ मूक आहे. चरकात सापडलेल्या हाताची पाचही बोटे कित्येकदा शाबूत राहतात, परंतु स्नायुबंध चिकटल्याने मूठ वळत नाही. अवयवाचा उपयोग संपूर्णपणे व कायमचा गेला, तरच तो गमावल्यासारखा मानला जाई. अर्धवट ताठर हाताची घट वैद्यकाने ठरवावयाची असे. साहजिकच सारी भिस्त एका दाखल्यावर येते, आणि तो लिहिणाऱ्यास त्या कामगाराचे काम नेमके कोणते याची पुरती कल्पना असतेच असे नाही.

हात आणि काम यांतील हे अंतर सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये नेमके ओळखले. ओरिसातील जेपूर येथील चित्रपटगृहाच्या कामावर पडून एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर गेला. कोष्टकाप्रमाणे ही ७० टक्के घट, असा मालकाचा युक्तिवाद होता. अपघाताच्या वेळी मनुष्य जी कामे करू शकत होता ती सर्व करण्यास तो असमर्थ झाला म्हणजे पूर्ण अपंगत्व, अशी अधिनियमाची व्याख्या होती. आणि सुतारकाम एका हाताने होत नाही. न्यायालयाने पूर्ण अपंगत्वाची भरपाई कायम केली. कोष्टकापेक्षा हा मापदंड निश्चितच न्याय्य आहे. चरकात ऊस घालणाऱ्यासही तोच लावला पाहिजे.

ऊसपट्ट्यात आणखी एक अडचण आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली कायम अपंगत्वाबद्दल आयुष्यभर नियतकालिक लाभ मिळतो. परंतु केवळ साखर वा गूळ करणारे हंगामी कारखाने त्या योजनेतून वगळलेले आहेत. तेथील जखमी कामगारास एकरकमी भरपाईचाच मार्ग उरतो. तो ठेकेदाराकडून आलेला असला, तरी १९२३ च्या अधिनियमाने मुख्य मालकाची जबाबदारी टाळू दिली नव्हती.

व्यवहारात पुष्कळदा दवाखान्याचे देयक मालक भागवतो, काही रोख रक्कम हाती ठेवतो आणि ‘तक्रार नाही’ अशा मुद्रांकपत्रावर अंगठा घेतो. कधी कधी तर उरलेल्या हाताचा. हक्क सोडून देणारा असा करार १९२३ च्या अधिनियमाच्या कलम १७ ने निरर्थक ठरविला होता. तडजोड झाली तरी ती आयुक्ताकडे नोंदवावी लागे, आणि रक्कम अपुरी वाटल्यास नोंदणी नाकारण्याचा अधिकार आयुक्तास होता. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही १९७५ च्या त्याच निकालाने स्पष्ट केले. महिनाभरात ती न दिल्यास १२ टक्के व्याज आणि समर्थनीय कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड अशी तरतूद होती.