घरबसल्या आज्ञावलीचे काम

सरकारी नोकरीत बदली ही गोष्ट नवी नाही. हुकूम येतो, सामान बांधले जाते, मुलांच्या शाळा बदलतात आणि पंधरवड्यात संसार नव्या गावी उभा राहतो. परंतु या धावपळीत एक गोष्ट मागे राहते व तिची नोंद कोणत्याही हुकुमात नसते. ती म्हणजे पत्नीची नोकरी. माझ्या एका सहकाऱ्याची नागपूरहून भोपाळला बदली झाली. त्यांच्या पत्नीने संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यात आठ वर्षे घालविली होती. पण कंपनीला कचेरीतील हजेरी हवी होती, म्हणून त्यांना राजीनामा द्यावा लागला. निरोपाच्या चहाला त्यांनी मला विचारले, "भावजी, हे काम घरी बसूनही करता येते म्हणतात. पण ते मिळवायचे कसे?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे त्यांच्या खटपटीवरून आणि थोड्याफार वाचनावरून जे उमजले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

ही कल्पना इंटरनेटबरोबर जन्मास आली, असे आपल्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. १९३९ साली, वयाच्या पाचव्या वर्षी, निर्वासित म्हणून इंग्लंडला आलेल्या स्टेफनी शर्ली या बाईंनी १९६२ साली अवघ्या सहा पौंडांच्या भांडवलावर, आपल्या घरीच 'फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स' ही संस्था काढली. लग्नामुळे वा मुलांमुळे नोकरी सुटलेल्या सुशिक्षित स्त्रियांना त्यांनी काम दिले. त्या काळी संगणक घरात कोठून असणार? या स्त्रिया कागदावर पेन्सिलीने आज्ञावली लिहीत व टपालाने पाठवीत. कॉंकॉर्ड विमानाच्या 'ब्लॅक बॉक्स' या उड्डाणनोंद यंत्रासंबंधीचे काम याच संस्थेने केले. मात्र आरंभी बाईंच्या पत्रांना उत्तरे येत नसत. पतीच्या सूचनेवरून त्यांनी 'स्टेफनी'ऐवजी 'स्टीव्ह' अशी सही सुरू केली, तेव्हा उत्तरे येऊ लागली. दूरध्वनीवर बोलताना मुलाचे रडणे ऐकू जाऊ नये म्हणून त्या टंकलेखन यंत्राचा ध्वनिमुद्रित खडखडाट लावून ठेवीत!

या हकिकतीतील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. आता संगणक घरोघर आले आणि टपालाला लागणारे दिवस क्षणांवर आले. पण ज्या माणसाला आपण पाहिलेले नाही, त्याच्यावर विश्वास कसा टाकावा, ही काम देणाऱ्याची शंका जशीच्या तशी आहे. तेव्हा घरबसल्या काम शोधणे म्हणजे मुख्यतः हा विश्वास संपादन करणे होय.

त्यासाठी पहिली गोष्ट अशी की, आपले क्षेत्र आटोपशीर ठेवावे. "मला सर्व येते" असे म्हणणाऱ्यापेक्षा "रुग्णालयांच्या देयकांच्या आज्ञावली मी आठ वर्षे लिहिल्या आहेत" असे सांगणाऱ्याचे म्हणणे लवकर पटते. दुसरी गोष्ट, बोलण्याऐवजी दाखवावे. एखादे लहान पण पूर्ण काम 'गिटहब'सारख्या ठिकाणी ठेवावे. ते काय करते व कसे चालवावे, हे साध्या भाषेत सोबत लिहावे. जुन्या कंपनीसाठी लिहिलेले काम मात्र नमुना म्हणून दाखवू नये. ते सामान्यतः त्या कंपनीच्या मालकीचे असते. आजकाल यंत्रच फुटकळ आज्ञावली लिहून देते, हे खरे. म्हणूनच गिऱ्हाइकाची अडचण समजून घेणे आणि केलेल्या कामाची जबाबदारी पत्करणे यांचे मोल वाढले आहे.

काम शोधावे कोठे? प्रथम ओळखीच्या वर्तुळात. जुने सहकारी, पूर्वीचे वरिष्ठ यांना संकोच न करता कळवावे. त्यांनी आपले काम पाहिलेले असते. त्यानंतर 'अपवर्क' किंवा 'फ्रीलान्सर' यांसारखे जागतिक बाजार. तेथे दलाली द्यावी लागते व स्पर्धा तीव्र असते. शंभर जणांना एकच छापील अर्ज धाडण्यापेक्षा पाच जणांची गरज नीट वाचून, त्यांच्या अडचणीविषयी एखादा नेमका प्रश्न विचारणारे छोटे पत्र लिहावे.

दर ठरविताना पुष्कळांची फसगत होते. समजा, महिन्याला ६०,००० रुपये हवेत. १६० तासांनी भागले तर तासाला ३७५ रुपये येतात. परंतु पत्रव्यवहार, शोधाशोध आणि रिकामे दिवस वजा जाता मोबदल्याचे ९० तासच उरले, तर दर सुमारे ६६७ रुपये हवा. शिवाय येथे भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. त्यांचीही तरतूद याच दरातून करावयाची.

कामाचा करार लेखी असावा. काय करावयाचे, नंतरचे बदल कसे आकारावयाचे, हप्ते केव्हा मिळावयाचे आणि आज्ञावलीची मालकी केव्हा हस्तांतरित व्हावयाची, एवढे तरी त्यात यावे. परदेशातून आलेले उत्पन्न येथील रहिवाशाला करपात्र असते, म्हणून बँकेच्या पावत्या जपाव्यात व हिशेबनिसाचा सल्ला वेळीच घ्यावा. आणि एक इशारा: काम देण्यापूर्वी नोंदणी शुल्क वा अनामत मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये. फसवणूक झालीच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

शेवटची गोष्ट घरातील माणसांची. "घरीच तर असते" या तीन शब्दांनी कित्येक स्त्रियांचे काम बुडविले आहे. बंद दाराआड चाललेल्या कामाला कचेरीइतकाच मान मिळाला पाहिजे. टंकलेखन यंत्राचा खोटा खडखडाट लावण्याची पाळी आज कोणावर येऊ नये.

आमच्या वहिनींना पहिले तीन महिने काहीच मिळाले नाही. हे मी मुद्दाम सांगतो. कारण या व्यवसायात पदार्पण करणाऱ्याने काही महिन्यांची शिदोरी गाठीशी ठेवली पाहिजे. चौथ्या महिन्यात नागपूरच्या एका जुन्या सहकाऱ्याने दहा दिवसांचे एक काम सोपविले. ते त्यांनी वेळेत पुरे केले, आणि त्याच माणसाच्या शिफारशीने दुसरे आले. आज त्यांच्या हाती दोन कायमची गिऱ्हाइके आहेत. यजमानांची बदली पुन्हा होईलच. त्या वेळी सामान बांधावे लागेल, शाळाही शोधाव्या लागतील. राजीनामा मात्र लिहावा लागणार नाही.