कैसरियाच्या पाण्याखालचे बंदर

तेल अवीव आणि हैफा यांच्या दरम्यान किनाऱ्यावर कैसरियाचे अवशेष आहेत. शाळेच्या सहलीत तिथले रोमन नाट्यगृह आणि रथांच्या शर्यतीचे मैदान मुलांना दाखवतात. पण ज्या बंदरासाठी हेरोद राजाने हे शहर उभारले, ते समुद्राच्या तळाशी आहे. 2006 मध्ये तिथे पाण्याखालचे पुरातत्त्व उद्यान सुरू झाले. डायव्हिंगचा परवाना नसलेल्यालाही प्रशिक्षकाबरोबर तिथे उतरता येते.

उतरण्याआधी किनाऱ्यावर छोटासा धडा होतो. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये प्राणवायू असतो, असा पुष्कळांचा समज आहे. त्यात साधी हवाच असते, दाबून भरलेली. पहिला नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. वर येताना तो कमी होतो आणि छातीतली हवा फुगते. श्वास रोखला तर फुप्फुसाला इजा होते. खाली जाताना कान दडे बसल्यासारखे होतात. तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, आणि कान दुखू लागण्याआधीच. पाण्यात अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ नव्हे, ‘वर चला’ असा होतो. सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात.

दमा, हृदयविकार किंवा कानाचे जुने दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. सर्दी असेल त्या दिवशी तर नकोच. आणि सुट्टीत मुंबईला निघायचे असेल तर विमान त्याच दिवसाचे घेऊ नये, मध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा.

पाण्याखाली 36 ठिकाणी खुणेचे फलक आहेत आणि न भिजणारा नकाशा हातात मिळतो. नवख्याला त्यांतली थोडीच ठिकाणे पाहता येतात. पुतळे आणि राजवाडे दिसतील या आशेने गेलेला माणूस आधी थोडा निराश होतो. दिसतात पडलेले खांब, नांगर आणि शेवाळ धरलेले प्रचंड चौकोनी ठोकळे. खरी नवलाई त्या ठोकळ्यांतच आहे.

या किनाऱ्याला नैसर्गिक खाडी नाही. इ.स.पूर्व 22 च्या सुमारास हेरोदाच्या कारागिरांनी उघड्या समुद्रातच धक्के बांधायला घेतले. लाकडी पेट्या जागेवर तरंगत नेऊन बुडवल्या आणि त्यांत चुना, ज्वालामुखीची राख व दगडांचे तुकडे यांचे मिश्रण भरले. ही राख चुन्याबरोबर पाण्यातच घट्ट होते. ती इटलीतल्या नेपल्सच्या परिसरातून, सुमारे दोन हजार किलोमीटरवरून, जहाजांनी आणली होती. बंदराला नाव दिले सेबास्तोस, म्हणजे ग्रीक भाषेत ऑगस्टस. यहूदी राजाने आपले सर्वांत मोठे बंदर रोमच्या सम्राटाला अर्पण केले.

ते फार टिकले नाही. ठोकळे भक्कम होते, पण खालची वाळू सरकत गेली. भूकंप आणि लाटांनी उरलेले केले. याचा पुरावा एका फुटलेल्या गलबतात मिळाला. गलबत फुटल्याची गोष्ट बेने इस्राएलांच्या घरात नवगावच्या किनाऱ्यापासून ऐकू येते. हे गलबत मात्र कैसरियाच्या उत्तरेच्या धक्क्यावरच आपटले होते. त्यात शिशाच्या लगडी होत्या आणि त्यांवर सम्राट डोमिशनचे नाव होते. डोमिशन 81 ते 96 या काळात गादीवर होता. म्हणजे बांधल्यापासून शंभर-सव्वाशे वर्षांतच धक्का इतका खचला होता की जहाजे त्यावर आपटू लागली.

डोमिशन हे नाव आपल्या इतिहासात आणखी एका जागी येते. यरुशलेमचे मंदिर जाळल्यानंतर, सन 70 मध्येच, टायटसने या धाकट्या भावाचा वाढदिवस याच कैसरियात साजरा केला. त्या खेळांत अडीच हजारांहून अधिक यहूदी कैदी मारले गेले, असे इतिहासकार योसेफस लिहितो. किनाऱ्यावरची मैदाने पाहताना हे वाटाड्या सांगतो किंवा सांगत नाही. पाण्यात उतरण्याआधी वर्गातल्या मुलांना ते माहीत असावे.

तालमूदमध्ये कैसरिया आणि यरुशलेम यांना तराजूच्या दोन पारड्यांसारखे मानले आहे: दोन्ही एकाच वेळी भरभराटीत आहेत असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका, एक उजाड आणि दुसरे वसलेले आहे असे सांगितले तर ठेवा. तालमूदच्या ऋषींना कैसरिया म्हणजे रोमच वाटे.

तळावरची कोणतीही वस्तू उचलायची नाही. ती सरकारच्या मालकीची असते आणि कुठे पडली होती यावरूनच तिचा अर्थ लागतो. 2015 मध्ये हौशी डायव्हरना इथे फातिमी काळातली सोन्याची नाणी दिसली. त्यांनी पुरातत्त्व खात्याला कळवले आणि मग सुमारे दोन हजार नाणी बाहेर निघाली. जायचेच तर उन्हाळ्यातली शांत सकाळ निवडावी. वादळानंतर काही दिवस पाणी इतके गढूळ असते की समोरचा ठोकळाही नीट दिसत नाही.